देवीच्या तपेल्याचं बूड

एक गोष्ट मी आजवर कुणालाच सांगितलेली नाही. बायकोला नाही. तिच्या शेवटच्या आजारपणात उशाशी बसलेला असताना दोनदा ओठांवर आली, पण त्या अवस्थेत तिच्यावर आणखी माझं ओझं कशाला, असं म्हणून गिळली. खरं म्हणजे भ्यालो. मुलाला सांगितली नाही, तो पुण्यात असतो, आमचं बोलणं जेवलास का, झोपलास का एवढंच. गोष्ट लहानच आहे. एका गावच्या जत्रेत आंबील कळकली, पोरंबाळं ओकून ओकून गळाली, आणि त्याचा दोष माझ्या थोरल्या बहिणीवर आला. तो दोष माझा होता. हाजराआपाला तो आजही स्वतःचाच वाटतो.

आमचं घर कल्हईवाल्याचं. कल्हई म्हणजे काय, हे आता समजावून सांगावं लागतं, आजच्या मुलांनी स्टीलशिवाय काही पाहिलेलं नाही. तांब्यापितळेच्या भांड्यात आंबट टिकत नाही. ताक, चिंचेचं सार, आंबील, काही घातलं की ते धातूला खातं, हिरवट होतं, जिभेला कडवट चरचरतं आणि पोटात गेलं तर माणूस आडवा होतो. त्याला कळकणं म्हणायचं. म्हणून भांड्याला आतून कथलाचा पातळ थर द्यायचा. भांडं भट्टीवर तापवायचं, आत नवसागराची चिमूट टाकायची, पांढरा धूर उठला की कथलाची कांडी नुसती टेकवायची आणि कापसाच्या बोळ्यानं ते वितळलेलं कथील भराभर फिरवायचं. तांबडं भांडं डोळ्यांदेखत चांदीसारखं होतं. बघणाऱ्याला ती जादू वाटायची. आमच्या घरात तिला जादू कुणी म्हणत नसे, कारण जादू त्याआधी झालेली असायची, भांडं घासताना.

कोल्हापुरात आमची गल्ली सकाळी लवकर जागी व्हायची. पलीकडं तांबट, त्यांच्या हातोड्यांची ठकठक, अलीकडं आमचा भाता. कातडी भाता दाबला की आधी एक उसासा आणि मग कोळशाची तडतड. अजूनही कुठं दम्याचा रुग्ण शेजारी बसला की मला अंगण आठवतं. अम्मी मी सात वर्षांचा असताना गेली. तेव्हापासून चूल आपाकडं. ती माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठी. सकाळी परातीत भाकरी थापटल्याचा आवाज, पाट्यावर खर्डा रगडल्याचा आवाज आणि बाहेर भात्याचा, असं तिन्ही एका तालात चालायचं. माणसं तीन आणि बोलणं थोडं. अब्बा बोलले तर कामापुरतं. घरात आम्ही मराठीच बोलायचो, अब्बांना राग आला की तेवढी दखनी बाहेर पडायची, म्हणून दखनीचा एक शब्द आला तरी मी दाराबाहेर सटकायचो.

भांडं घासायचं काम माझं. लहान भांडी हातानं, पण मोठी तपेली, घंगाळी असली की आत उतरून पायानं घासायची. तळाला वाळू, चिंचेचा कोळ, वर गोणपाटाचा तुकडा. त्यावर उभं राहायचं, आढ्याला बांधलेली दोरी धरायची आणि कमरेतून डावीकडं, उजवीकडं, डावीकडं, उजवीकडं पिळत राहायचं. जोर बसायचा तो टाचेवर, आणि गोणपाट सरकून टाच उघड्या तांब्याला लागायचीच. गल्लीतली पोरं दाराशी थांबून कमरेवर हात ठेवून माझी नक्कल करायची. आपा आतून ओरडायची, "हसता काय रं? तुमच्या आयांच्या भांड्यांनाच लाज न्हाय, म्हणून घासून देतोय त्यो!" पोरं पळायची. मी चालूच.

घासून झालं की आपाचं काम सुरू. ती भांडं धुवायची, एक तांब्याभर निवळ पाणी आत सोडायची, भांडं तिरपं करून सगळीकडून फिरवायची आणि ओतून टाकायची. मग ऊन खांद्यावरून आत येईल अशी उभी राहून बघायची. तांबं खरंच स्वच्छ असेल तर पाण्याचा एक सलग पातळ पडदा सगळ्या अंगाला धरून राहतो. कुठं कणभर तेलकटपणा असला की तिथला पडदा फाटतो, पाणी मागं सरतं, थेंब होऊन बसतं. "हितं रुसलंय," आपा म्हणायची आणि बोटानं जागा दाखवायची. मला तिथं काही दिसायचं नाही. पुन्हा घासून, पुन्हा पाणी फिरवून, ती हां म्हणेपर्यंत अब्बा भांड्याला हात लावत नसत. त्यांचं म्हणणं असं, की पाणी जिथं बसत नाही तिथं कथीलही बसत नाही. दोन्ही पातळच, दोन्हींचा स्वभाव एकच.

पुढं आयुष्यभर मी हेच शिकवलं. पृष्ठताण, स्पर्शकोन. द्रवाच्या कणांना एकमेकांची ओढ असते आणि पृष्ठभागाचीही ओढ असते, कुठली जास्त त्यावर तो पसरणार की गोळा होणार हे ठरतं. अळूच्या पानावरचा थेंब, काचेवरचं पाणी, काचेवरचा पारा, फळ्यावर आकृत्या काढून इतकी वर्षं शिकवलं. वितळलेल्या कथलाचं उदाहरण मात्र एकदाही दिलं नाही.

अब्बांची नजर धुरानं मंदावत चालली होती. कबूल करत नसत. भट्टीवरच्या भांड्यात कथील कुठवर गेलंय हे आवाजावरून आणि बोळ्याला हाताखाली काय लागतंय यावरून ओळखायचे. त्या वर्षी त्यांनी आपाला दुपारी, गिऱ्हाईक नसताना, लहान वाट्या, तांबे, पळ्या कल्हई करायला द्यायला सुरुवात केली होती. बाईमाणसानं भट्टीवर बसायचं हे आमच्यात नवीनच. तिचा हात इतका हलका, की बोळा फिरवल्याची रेघ दिसत नसे. एकदा अब्बांनी तिनं केलेला तांब्या बोटांनी चाचपला, कानाशी नेऊन टिचकी मारली आणि मला म्हणाले, "तू शीक तुझं कालेज. हिची भट्टी हाय ही." आपा ओचा खोचत आत गेली, पण ती आत गुणगुणत होती, ते मी ऐकलं. तिला लग्नाचं विचारायला माणसं येत, अब्बा बघू म्हणून परत लावत.

मी अकरावीला होतो, सायन्सला. आमच्या घराण्यात पहिलाच. प्रयोगशाळेत चपला बाहेर काढून जावं लागे. तिथं माझी पंचाईत झाली. चिंच, वाळू आणि राखेनं माझ्या टाचा काळ्याठिक्कर पडलेल्या, भेगा इतक्या खोल की फरशीवर चालताना खरखर आवाज यायचा. एका मुलानं खाली बघून विचारलं, "काय पावणं, नांगर घालून आलाय काय?" सगळे हसले. मीही हसलो. त्यानंतर मी टेबलाच्या आत पाय लपवून उभा राहायला लागलो, रीडिंग वाकून घ्यायच्या ऐवजी शेजाऱ्याचं उतरवायला लागलो. गगनबावड्याकडच्या एका वर्गमित्राला माझी दया आली. त्यानं मला घरून कोकमाच्या तेलाचा गोळा आणून दिला, मेणासारखा पांढरा, मुठीएवढा. जरा गरम करून भेगांत भरायचा, आठवड्यात टाचा लोण्यासारख्या होतात, असं म्हणाला.

आमच्या घरात तेलाचा कायदा कडक. तेल चुलीपाशी, भट्टीच्या अंगणात तेलाचं बोट चालायचं नाही. आपा केसांना तेल लावायची तेसुद्धा कामाला सुट्टी असलेल्या दिवशीच. म्हणून तो गोळा मी पुस्तकांच्या ट्रंकेत ठेवला आणि कुणाला न सांगता रोज भेगांत भरू लागलो. कामाला उतरण्याआधी राखेनं आणि सोड्यानं टाचा खरवडून धुवायचो. पहिले काही दिवस अगदी मनापासून. मग भेगा मिटायला लागल्या, टाचा मऊ झाल्या, आणि मला त्या धुवाव्याशा वाटेनात.

तात्या म्हणून एक म्हातारे मानकरी दरवर्षी मार्गशीर्षात देवीचं तपेलं घेऊन यायचे. गावाचं नाव लिहीत नाही. तांब्याचं तपेलं, माणूस आत बसेल एवढं. त्यात जत्रेची आंबील व्हायची. जोंधळ्याचं पीठ आंबवून, शिजवून, ताक घालून, वर लसूण-जिरं. घरटी मातीचा मोगा भरून नेत, बाकीची देवळासमोर प्यायची. सोबत वरण्याच्या दाण्यांच्या घुगऱ्या, वांग्याची भाजी, कांद्याची पात. आमच्या आजोबांपासून ते तपेलं आमच्याकडंच. देवी त्यांची, हात आमचा, यात कधी कुणाला काही वावगं वाटलं नाही. जत्रेनंतर तात्या स्वतः किटलीभर आंबील आणून द्यायचे आणि म्हणायचे, "उस्मानमामू, आमच्या देवीच्या आधी तुमच्या हाताची चव लागती हिला."

त्या वर्षी तपेलं घासायच्या दिवशी सात भांडी होती, तपेलं शेवटी. मला अकराला कॉलेजात पोचायचं होतं, प्रात्यक्षिकाची हजेरी होती, उशिरा येणाऱ्याला सर दारातूनच परत लावत. मी टाचा न धुता आत उतरलो. घासलं. आपानं पाणी फिरवलं, बघितलं, म्हणाली, "बुडाशी रुसलंय. कालेजचं सायेब, अजून एकदा पाय हलवा." आणि भाकरी करपत होती म्हणून आत गेली.

मी परत उतरलो, जीव खाऊन घासलं. बाहेर येऊन आपणच पाणी फिरवलं. या वेळी मला दिसलं. आयुष्यात पहिल्यांदा मला ते दिसलं. बुडाशी पाणी मागं सरत होतं आणि मधे एक कोरडी तांबडी जागा उघडी पडत होती, पहिल्यापेक्षा मोठी. एका क्षणात उमगलं की मी जितकं घासेन तितकं तेल आत भरणार आहे. पाय सोड्यानं धुवायला हवे होते, तपेलं परत चिंचेनं, वाळूनं, राखेनं काढायला हवं होतं. एक तास. आणि मुख्य म्हणजे, का, हे सांगायला हवं होतं. मी फडक्यानं बूड कोरडं केलं. पुसल्यावर सगळं सारखंच दिसतं.

"अब्बा, तपेलं तयार."

"हाजरानं बघितलं?"

"व्हय."

ते अर्धं खरं होतं. त्या अर्ध्यावर मी पुढची सगळी वर्षं काढली.

भाता मीच मारत होतो. तपेलं तापलं, नवसागराचा धूर उठला, अब्बांनी कांडी टेकवली. कथील पसरत गेलं, अंगाला, गळ्याला, सुरेख. बुडाशी आलं आणि थांबलं. त्या जागेच्या कडेला जाऊन ते परत फिरलं, गोल गोल मणी होऊन इकडंतिकडं पळायला लागलं. अब्बांनी बोळा दाबून फिरवला. "बुडाला बसली का रं?" त्यांनी धुरात डोळे बारीक करून विचारलं. बोळ्यानं त्या जागेवर राखाडी पुसट लेप ओढला होता, लांबून कल्हईसारखाच दिसणारा. मी म्हटलं, "बसली." मग पाण्यात बुडवल्यावर तपेल्यानं चर्र केलं आणि मी दप्तर उचलून पळालो. हजेरी मिळाली.

त्या वर्षी जत्रेनंतर किटली आली नाही. तिसऱ्या दिवशी टेम्पो आला, त्यात तपेलं आणि चार माणसं. तात्या खाली उतरले, बसा म्हटलं तर बसले नाहीत. "मामू, कल्हई केलीसा का नुसती राख फासलीसा? गाव आडवं झालंय आमचं. पोरं हिरवं वकाय लागली. माझी नात दवाखान्यात हाय, सलाईन लावलंय, डोळं उघडत न्हाय ती." सोबतचा एक जण तपेल्यावर लाथ मारणार होता, तात्यांनी त्याला अडवलं, "देवीचं हाय त्ये." मग त्यांनीच ते उन्हात तिरपं धरलं. बुडाशी तांबडी जागा, कडेला हिरवी रेघ. माणसं म्हणाली, बघा, तळहाताएवढी जागा सोडलीय. मला तो तळहात दिसला नाही. मला टाच दिसली, पुढं रुंद, मागं गोल, माझी.

अब्बांनी जागा बोटांनी चाचपली. बराच वेळ. मग डोक्यावरची टोपी काढून हातात धरली. "हात माझा," ते म्हणाले. "चूक माझी. पोरीचं बघा आधी, तात्या. मला काय बोलायचं ते मागनं बोला." तात्यांनी सोबतच्यांना खूण केली. तपेलं उचलून टेम्पोत घातलं आणि गेले. ते तपेलं आमच्याकडं पुन्हा आलं नाही. नात चार दिवसांनी घरी आली, असं नंतर तांबटांकडून कळलं. ती वाचली नसती तर मी बोललो असतो का, हा प्रश्न मी स्वतःला विचारत आलोय. उत्तर मला माहीत आहे असं वाटतं, म्हणून लिहीत नाही.

माणसं गेल्यावर अब्बांनी अंगणाचं दार लावून घेतलं. आपा चुलीपाशी उभी होती, हाताला पीठ तसंच.

"तेल होतं तितं," अब्बा म्हणाले. "तेलाशिवाय असं सुटत न्हाय. हाजरा, तू बघितली होतीस?"

"बघितलं होतं अब्बा. बुडाशी रुसलं होतं, म्हणून परत फिरव म्हटलं हेला."

"आणि मागनं?"

आपा कपाळाला आठ्या घालून आठवू लागली. त्या दिवशी सात भांडी, प्रत्येकाला दोनदा-तीनदा पाणी, चूल, भाकरी. तिला खरंच आठवत नव्हतं. मग ती माझ्याकडं वळली, अगदी सहज, पोरगं तिथंच होतं, त्याला आठवत असेल, अशी. "मागनं मी बघितलं का रं?"

तिच्या चेहऱ्यावर संशय नव्हता. माझ्यावर तिला संशय कधी आलाच नाही. मी नाही म्हणालो असतो तर पुढचा प्रश्न माझ्याकडं आला असता, मग तू बघितलंस का, मग तेल आलं कुठनं, मग ट्रंक. आणि अब्बांनी कॉलेज बंद करून मला कायमचा तपेल्यात उभा केला असता, असं मला त्या क्षणी वाटलं. केलं असतं का? नसतं केलं. आता या वयात मला खात्री आहे, त्यांनी दोन ठेवून दिल्या असत्या आणि संध्याकाळी जेवायला बोलावलं असतं.

मी म्हटलं, "बघितलंस की. तूच म्हणालीस, आता धरलंय म्हणून."

ती माझ्याकडं बघत राहिली. तिच्या आत काहीतरी शोधणं चाललं होतं, ते मला दिसत होतं. मग शोधणं थांबलं. "मग म्हटलं आसंल," ती हळू म्हणाली. "मला दिसलं न्हाय म्हणायचं."

"क्या देखी तू?" अब्बा ओरडले, आणि दखनी सुरू झाली. ती मी इथं लिहीत नाही. त्यांनी हात उगारला नाही. भट्टीशेजारी तिचा लहान चिमटा टांगलेला असायचा, तो काढून त्यांनी कोळशाच्या पोत्यामागं टाकला. त्या दिवशी आम्ही तिघं तीन ठिकाणी जेवलो.

दुसऱ्या आठवड्यात प्रयोगशाळेत केशनळीचा प्रयोग होता. बारीक काचेची नळी पाण्यात उभी धरली की पाणी तिच्यात आपोआप वर चढतं, ते मोजायचं. माझ्या नळीत पाणी चढेना. सरांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाले, "बोट लावलंस आत? तुझ्या बोटाचं तेल पुरतं याला. पाण्याला काच दिसलीच नाही, मधे तू आलास." वर्ग हसला. मी नळी धुवायला मोरीपाशी गेलो आणि नळ सोडून उभा राहिलो. आता माझ्याकडं ते अडाणीपणाचं निमित्तही उरलं नव्हतं. काय झालं आणि का झालं हे मला सूत्रासकट कळलं होतं. त्या प्रयोगात मला चांगले मार्क पडले. संध्याकाळी घरी गेलो, आपानं मुगाची आमटी केली होती, वाढताना ती ताट उलटसुलट करून उजेडात बघत होती. मी जेवलो.

पाणी बघायचं काम अब्बांनी स्वतःकडं घेतलं, नजर नसताना. भांडी परत यायला लागली. मी म्हटलं, मी बघतो, तर म्हणाले, तू अभ्यास कर. तांबटांची ठकठकही त्याच सुमारास कमी व्हायला लागली, स्टील आलं होतं, कल्हई तशीही राहणार नव्हती. हे मी स्वतःला पुष्कळदा सांगून पाहिलंय. पण ती जायला अजून दहाबारा वर्षं होती, आणि ती वर्षं आपाची होती. पुढच्या वेळी विचारायला माणसं आली तेव्हा अब्बांनी परत लावली नाहीत. शाहूवाडीकडं भातशेतीवाल्या घरात तिला दिलं. जाताना ती मला म्हणाली, "अब्बांच्या डोळ्यांकडं बघ रं मुन्ना. माझं तर फुकाट गेलं." माझ्या टाचा तेव्हा अगदी मऊ झाल्या होत्या.

घर त्यानंतर फार मोठं वाटायला लागलं. अब्बा भट्टीपाशी, मी पुस्तकापाशी, भाकऱ्या खानावळीतून. कधी कधी मीच पाट्यावर खर्डा रगडायचो, आवाज व्हावा म्हणून. अब्बा गेले त्या दिवशी दुपारी त्यांनी मला विचारलं, "हाजरा आली का?" ती वाटेवर होती. "तिला म्हणावं," एवढं म्हणाले आणि पुढचं त्यांना जमलं नाही. काय म्हणावं, ते मला ठाऊक नाही. आपानं पोचल्यावर मला विचारलं, अब्बा काही बोलले का माझ्यासाठी. मी म्हटलं, नाही.

आता मी एकटाच राहतो, दोन खोल्यांत, मोरीवर स्टीलची चार भांडी. वर्षातून दोनदा आपाकडं जातो. घाट चढून गेलं की तिचं घर, समोर खाचरं, अंगणात कोंबड्या. गेल्या ईदला गेलो. तिच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं, डॉक्टरनं सांगितलंय नजर तरण्या पोरीसारखी आहे. तरी शेवया वाढण्याआधी तिनं नातीला हाक मारली. "ये गं, जरा पातेलं बघ आतनं, स्वच्छ हाय का."

नात वैतागली. "दादी, तूच घासलंस की आत्ता! डॉक्टर काय म्हणला? सुईत दोरा ववतीस तू!"

"डॉक्टरला काय म्हाईत," आपा हसत म्हणाली. "माझ्या नजरेवर इसवास ठेवू नगंस बाई. एकदा आख्खं गाव पाडलंय मी." मग माझ्याकडं बघून, "विचार तुझ्या आजोबाला, त्यो होता तितं."

पोरगी माझ्याकडं बघत होती. आपाही बघत होती, हसत, साक्षीला माणूस मिळाल्यासारखी. जन्मभर तिनं ताटं उजेडात धरली, चार माणसांचा स्वयंपाक दुसऱ्याला दाखवल्याशिवाय वाढला नाही, लग्नकार्यात कधी चुलीपाशी उभी राहिली नाही, हे तिच्या घरच्यांना तिचा स्वभाव वाटतो. तिला तिची शिक्षा वाटते. मी तोंड उघडलं. "शेवया झ्याक झाल्यात आपा," म्हणालो.

परतताना घाटात बस थांबली तेव्हा ठरवलं, निदान लिहावं. लिहिलं. पण आपाला वाचता येत नाही, आणि हे छापून आलं तर तिला दुसऱ्याच कुणाच्या तोंडून कळेल. तेव्हा राहिलेलं साधं आहे. शाहूवाडीला जाऊन तिच्यासमोर बसून सांगायचं, की दुसऱ्यांदा पाणी तू बघितलंच नव्हतंस, मी बघितलं, तू पहिल्यांदा सांगितलंस ते बरोबर होतं आणि मी खोटं बोललो. मग तिची तयारी असेल तर त्या गावात जायचं आणि तात्यांच्या नातीला, तिला आता स्वतःच्या लेकी असतील, हेच सांगायचं. एवढं देणं आहे. अजून दिलेलं नाही.